मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन : फॉरमॅट मारण्याआधी घरीच करून पाहावी अशी तपासणी

दिवाळीच्या सुट्टीत मी मिरजेला थोरल्या भावाकडे गेलो, तेव्हा त्यांच्या घरातला संगणक पंधरा दिवसांपासून जवळपास बंदच होता. जवळपास अशासाठी म्हणतो की तो सुरू होत असे, पासवर्ड घेत असे, पडद्यावर नेहमीचे चित्रही येत असे. पण त्यानंतर माऊसचा बाण नुसता हलायचा आणि क्लिक केलेले काहीही उघडायचे नाही. स्टार्टचे बटण दाबल्यावर चार-पाच मिनिटांनी मेनू येई, तोही अर्धवट. वहिनी दहावीच्या मुलांच्या गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेतात आणि त्यांनी सहा वर्षांत तयार केलेल्या सगळ्या प्रश्नपत्रिका याच एका संगणकात होत्या. दुसरी प्रत कुठेही नव्हती. “भाऊजी, दुकानात नेऊन आणला. ते म्हणाले, व्हायरस शिरलाय, फॉरमॅटच मारावा लागेल, आतलं काही राहील याची खात्री नाही,” असे त्यांनी सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती आणि दुकानदाराने सांगितलेले आठशे रुपये ही त्यातली सर्वात लहान काळजी होती.

हा संगणक फॉरमॅट न मारता ठीक झाला आणि एकही प्रश्नपत्रिका गेली नाही. त्यासाठी वापरलेले मुख्य साधन म्हणजे विंडोज १० आणि विंडोज ११ यांच्यात आधीपासूनच असलेल्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि काही उतरवून घ्यावे लागत नाही. तरीही ज्यांच्या घरी तो आहे त्यांपैकी फार थोड्या लोकांना त्याचे नाव माहीत असते, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे.

नेहमीचा अँटिव्हायरस चालू असलेल्या विंडोजच्या आत बसून तपासणी करतो. व्हायरसही त्याच विंडोजच्या आत जागा असतो, त्यामुळे तो फाइल वापरात ठेवून पुसू देत नाही, पुसली तर पुन्हा तयार करतो, किंवा संगणक इतका गुंतवून ठेवतो की तपासणी पूर्णच होत नाही. ऑफलाइन स्कॅनमध्ये संगणक आधी पुन्हा सुरू केला जातो आणि मूळ विंडोज उघडण्याऐवजी दुरुस्तीसाठी राखून ठेवलेली छोटी, वेगळी प्रणाली उघडते. तपासणी त्या प्रणालीतून होते. मुख्य विंडोज त्या वेळी झोपलेली असते, म्हणजे तिच्यातला व्हायरसही झोपलेला असतो आणि त्याची फाइल ही डिस्कवर पडलेली एक साधी फाइल उरते. २०१६ च्या विंडोज १० च्या सुधारित आवृत्तीपासून ही सोय सेटिंग्जमध्येच आली. त्याआधी तिच्यासाठी वेगळी सीडी किंवा पेनड्राइव्ह तयार करावा लागे.

आमच्यापुढची पहिली अडचण अशी होती की ऑफलाइन स्कॅन सुरू करण्यासाठी विंडोज सिक्युरिटी, म्हणजे डिफेंडरची सेटिंग्ज असलेली खिडकी, उघडावी लागते आणि येथे तर स्टार्ट मेनूही उघडत नव्हता. म्हणून आधी सेफ मोडचा, म्हणजे विंडोज केवळ अत्यावश्यक गोष्टींसह सुरू करण्याच्या पद्धतीचा, आधार घेतला. पासवर्ड विचारणारा पडदा मात्र व्यवस्थित चालत होता, आणि त्याचे कारण सोपे आहे: या जातीच्या व्हायरसची नोंद बहुधा वापरकर्त्याच्या खात्यात असते, त्यामुळे आपण आत शिरेपर्यंत तो सुरूच झालेला नसतो. त्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यातले पॉवरचे चिन्ह उघडून, शिफ्टची कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ म्हटले. निळा पडदा आल्यावर ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन पुन्हा एकदा रीस्टार्ट केले आणि समोर आलेल्या यादीतला ४ हा आकडा दाबला. नव्या लॅपटॉपवर हे करण्याआधी एक काळजी अवश्य घ्यावी. अशा अनेक लॅपटॉपमधली डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते आणि या मार्गाने गेल्यावर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का हे आधी दुसऱ्या उपकरणावरून पाहून ठेवावे.

सेफ मोडमध्ये तोच संगणक शहाण्यासारखा वागू लागला आणि वहिनींच्या जिवात जीव आला, कारण प्रश्नपत्रिकांचा फोल्डर जागच्या जागी दिसत होता. तो आधी एका नव्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि ‘स्टार्टअप’ या टॅबमध्ये काय काय आपोआप सुरू होते ते पाहिले. त्यात ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट’ अशी एक नोंद होती आणि प्रकाशकाच्या रकान्यात मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन हे नाव होते. भल्याभल्यांची फसगत होते ती इथेच. स्क्रिप्ट होस्ट हा खरोखरच मायक्रोसॉफ्टचा कार्यक्रम आहे, परंतु त्याचे काम दुसऱ्या कोणाची तरी लिपी (स्क्रिप्ट), म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञा, वाचून अमलात आणणे एवढेच असते. रकान्यांच्या शीर्षकावर उजवी क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा रकाना चालू केला, तेव्हा तो वाचत असलेल्या फाइलचा पत्ता दिसला: वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरमध्ये लपलेली, निरर्थक अक्षरांच्या नावाची एक व्हीबीएस फाइल, म्हणजे अशीच एक लिपी. घरच्या संगणकात अशा नोंदीला काही काम नसते. ती ‘डिसेबल’ केली आणि संगणक नेहमीच्या पद्धतीने सुरू केला. स्टार्ट मेनू लगेच उघडला.

इथपर्यंत आल्यावर अनेकजण थांबतात, पण व्हायरस अजून डिस्कवर होताच. शिवाय मला एक गोष्ट छळत होती: डिफेंडर सुरू असताना हा शिरलाच कसा? दुकानात वहिनींना “विंडोजबरोबर फुकट येणाऱ्या अँटिव्हायरसचा काही उपयोग नसतो” असे सांगितले गेले होते आणि घरात सगळ्यांनी ते खरे मानले होते. उत्तर विंडोज सिक्युरिटीच्या ‘एक्सक्लूजन्स’ या यादीत मिळाले. ज्या जागा तपासायच्या नाहीत त्यांची ही यादी असते, आणि तिच्यात चक्क संपूर्ण सी ड्राइव्ह लिहिलेला होता. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी ओळखीने घरी येऊन ‘फुकटचे ऑफिस’ बसवून दिले होते आणि ते करताना अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करावा लागतो असे सांगितले होते, हे वहिनींना तेव्हा आठवले. पहारेकऱ्याला दोन वर्षे डोळ्यांवर पट्टी बांधून उभे केले होते आणि चोरीचा ठपका मात्र त्याच्यावर आला होता. ही यादी तपासल्याशिवाय कोणत्याही स्कॅनच्या “काहीही आढळले नाही” या उत्तरावर विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती पाहायला ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मधील ‘मॅनेज सेटिंग्ज’ उघडून अगदी तळाशी जावे लागते.

ती नोंद काढली, इंटरनेट जोडून व्हायरसच्या ओळखखुणांची यादी अद्ययावत केली आणि मगच ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ऑफलाइन स्कॅन निवडला. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण संगणकात आधीपासून असलेल्या यादीवरच ही तपासणी मुख्यत्वे चालते आणि जुन्या यादीने नवे काही सापडत नाही. परवानगी दिल्यावर संगणक स्वतःहून बंद होऊन सुरू झाला आणि एका साध्या खिडकीत हळूहळू पुढे सरकणारी पट्टी, गेलेला वेळ आणि तपासलेल्या फायलींची संख्या दिसू लागली. मायक्रोसॉफ्ट यासाठी सुमारे १५ मिनिटे सांगते. आमच्या जुन्या हार्ड डिस्कवर २३ मिनिटे लागली. वहिनी चहाचा कप हातात धरून ती संख्या वाढताना पाहत होत्या आणि मध्येच पट्टी काही वेळ एका जागी थांबली तेव्हा त्यांचा कपही थांबला. अशा वेळी घाबरून बटण दाबून संगणक बंद करू नये. जुन्या डिस्कवर असे थांबणे होतेच.

तपासणी संपली की संगणक पुन्हा आपोआप सुरू होतो आणि नेहमीचा पडदा येतो. काय सापडले याचा निकाल ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त लिहिलेला असतो, तो आपण होऊन उघडून वाचावा लागतो. आमच्या निकालात दोन नावे होती. पहिले ‘जेनक्सकस’ या वर्मचे, म्हणजे स्वतःच्या प्रती करत पसरणाऱ्या व्हायरसचे, आणि दुसरे ‘ऑटोकेएमएस’ या हॅकटूलचे. दुसरे म्हणजे त्या फुकटच्या ऑफिसची, परवाना न घेता ते चालवण्याची, चोरवाट. पहिले अधिक गंभीर होते. जेनक्सकस पेनड्राइव्हमार्फत पसरतो आणि संगणकाचा ताबा दूर बसलेल्या माणसाच्या हाती देऊ शकतो. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जेनक्सकस आणि ब्लाडाबिंडी या दोन कुळांविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयात कारवाई केली होती, इतका त्यांचा प्रसार झाला होता. एवढ्या जुन्या व्हायरसचे नाव आजही घरच्या संगणकावर दिसावे याचे मला आधी नवल वाटले. पण पेनड्राइव्ह हातोहात फिरतात तोवर त्यांच्यातले पाहुणेही फिरत राहणार, हे उघड आहे.

वहिनींचा नेहमीचा पेनड्राइव्ह पाहिल्यावर सगळा उलगडा झाला. त्यात नववी, दहावी, सराव अशा नावांचे फोल्डर दिसत होते, पण प्रत्येकाच्या चिन्हावर डाव्या कोपऱ्यात बारीक बाण होता आणि आकार एक-दोन केबी. म्हणजे ते फोल्डर नव्हतेच, शॉर्टकट होते. त्यांतल्या एकावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहिल्या, तर ‘टार्गेट’च्या चौकटीत फोल्डरच्या पत्त्याऐवजी एक आज्ञा लिहिलेली होती: आधी ती लपवलेली लिपी चालव आणि मग खरा फोल्डर उघडून दाखव. खरा फोल्डर उघडत असल्यामुळे वापरणाऱ्याला काही वावगे वाटत नाही, आणि प्रत्येक डबल क्लिकमागे व्हायरसला आपण स्वतःच आत घेतो. पूर्वी पेनड्राइव्ह लावताच त्यातले कार्यक्रम आपोआप सुरू होऊ शकत. विंडोज ७ पासून ते थांबले आणि २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही तशी सुधारणा पाठवली. तेव्हापासून अशा व्हायरसांना आपल्या क्लिकची गरज पडते आणि शॉर्टकटची ही युक्ती त्याचसाठी आहे.

पेनड्राइव्हची तपासणी वेगळी करावी लागते, हे लक्षात ठेवावे. ‘धिस पीसी’मध्ये पेनड्राइव्हच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’ म्हटले की काम होते. डिफेंडरने लिपी आणि शॉर्टकट काढून टाकले. परंतु खरे फोल्डर लपलेलेच राहिले, आणि पेनड्राइव्ह रिकामा दिसू लागल्यावर वहिनींना वाटले की सगळे पुसले गेले. तसे झालेले नसते. व्हायरसने फोल्डरांवर ‘लपलेला’ आणि ‘प्रणालीचा’ असे दोन शिक्के मारलेले असतात आणि व्हायरस काढल्याने ते शिक्के पुसले जात नाहीत. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘अ‍ॅट्रिब’ ही आज्ञा उणे एच, उणे आर आणि उणे एस या तीन खुणांसह पेनड्राइव्हच्या सर्व फोल्डरांना लावली, तेव्हा सगळे पुन्हा दिसू लागले. या साधनाची ही एक खरी उणीव मानावी लागेल: ते रोग काढते, पण रोगाने केलेली मोडतोड पूर्ववत करत नाही.

दुसरी मर्यादा अशी की ऑफलाइन स्कॅन ही झटपट तपासणी आहे. व्हायरस बहुधा जिथे दबा धरून बसतात त्या जागा ती पाहते, डिस्कवरची प्रत्येक फाइल उघडत नाही. म्हणून त्याच रात्री ‘फुल स्कॅन’ लावून ठेवला. तो साडेतीन तास चालला आणि डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये त्या हॅकटूलची आणखी एक प्रत सापडली. दुसऱ्या दिवशी खातरजमेसाठी मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर हा दुसरा मोफत कार्यक्रमही चालवला. तो शंभर एमबीहून मोठा आहे, बसवावा लागत नाही आणि उतरवल्यापासून १० दिवसांनी निकामी होतो, म्हणून दर वेळी नवा घ्यावा लागतो. त्याला काही आढळले नाही. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही व्हायरस काढण्याची मोफत साधने मिळतात आणि ती पुरवणाऱ्यांत पुण्याची क्विक हील ही कंपनी आहे. दुसरे मत घ्यायचे असेल तर तीही सोय विश्वासाची आहे. मात्र दोन अँटिव्हायरस कायमचे एकत्र बसवू नयेत. ते एकमेकांच्या पायात येतात आणि संगणक आणखी मंदावतो.

ऑफलाइन स्कॅन निवडल्यावर संगणक बंद होऊन सुरू झाला पण तपासणीची खिडकी दिसलीच नाही, असा अनुभव काहींना येतो. विंडोज बसवताना दुरुस्तीची ती छोटी प्रणाली उडवलेली किंवा बंद केलेली असल्यास असे होते. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘रीएजंटसी’ ही आज्ञा ‘इन्फो’ या पर्यायासह दिली की ती प्रणाली चालू आहे की नाही हे समजते. आणि संगणक पासवर्डच्या पडद्यापर्यंतही पोहोचत नसेल, तर हे साधन कामाचे नाही. तेथे कॅस्परस्की रेस्क्यू डिस्कसारखी, दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हमध्ये तयार करून थेट तिच्यातूनच संगणक सुरू करण्याची साधने लागतात, आणि ज्यांना त्याची सवय नाही त्यांनी जाणकाराला बोलवावे. फायलींची नावे बदलून खंडणीची चिठ्ठी आली असेल, तर व्हायरस निघेल पण फायली उघडणार नाहीत. अशांनी युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या सहभागाने २०१६ पासून चालणाऱ्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाकडे आपल्या प्रकाराची किल्ली आहे का हे पाहावे.

सगळे स्वच्छ झाल्यावरही उजव्या कोपऱ्यात “तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत” असे इशारे येतच होते आणि एकात तर फोन करण्यासाठी क्रमांक दिला होता. वहिनी महिन्याभरापूर्वी तो क्रमांक लावणार होत्या, भावाने अडवले. हे व्हायरसचे काम नव्हते, म्हणून कोणत्याही स्कॅनला ते सापडले नसते. कुठल्याशा संकेतस्थळाने सूचना पाठवण्याची परवानगी मागितली होती आणि घाईत ‘अलाऊ’ दाबले गेले होते. क्रोमच्या ‘साइट सेटिंग्ज’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून ती तीन अनोळखी नावे काढली आणि इशारे थांबले. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत फोन क्रमांक कधीच नसतो. असा फोन करून कोणाचे पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तातडीने कळवावे. तिथे मिनिटांना किंमत असते.

जेनक्सकसचे स्वरूप लक्षात घेऊन वहिनींच्या ईमेलचे आणि बँकेचे पासवर्ड आम्ही माझ्या लॅपटॉपवरून बदलले. फुकटचे ऑफिस काढले आणि लिब्रेऑफिस बसवले. ते अधिकृतरीत्या मोफत आहे आणि त्यात मराठी युनिकोड नीट चालते. प्रश्नपत्रिकांमधली काही समीकरणे हलली, ती वहिनींनी दोन संध्याकाळी बसून सरळ केली.

संगणकाचा वेग आता पुरेसा आहे, पण ४ जीबी रॅम आणि जुन्या डिस्कवर याहून अधिक अपेक्षा करण्यात अर्थ नाही. विंडोज ११ या संगणकावर अधिकृतपणे बसत नाही, कारण त्याचा प्रोसेसर मान्य यादीच्या आधीच्या पिढीतला आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांना सुरक्षा सुधारणा ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील आणि डिफेंडरच्या ओळखखुणांची यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. आम्ही ती नोंदणी केली आणि तेवढ्या मुदतीत नवा संगणक घ्यायचे ठरवले. घरच्या वापरासाठी या ऑफलाइन स्कॅनला मी पाचपैकी चार तारे देईन. एक तारा कमी, कारण तो सेटिंग्जच्या इतक्या आत दडलेला आहे की ज्यांना त्याची सर्वाधिक गरज असते त्यांना तो सापडत नाही.

राहिला प्रश्न व्हायरस आला कुठून याचा. वहिनी प्रश्नपत्रिका छापायला पेनड्राइव्ह घेऊन चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी तिथे गेलो आणि दुकानाच्या मालकांना सगळे शांतपणे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांच्याकडे रोज कितीतरी पेनड्राइव्ह येतात आणि त्यांचाही संगणक हल्ली अडकतो, असे ते म्हणाले. रात्री साडेनऊला शटर अर्धे ओढून आम्ही तिथेही एक्सक्लूजन्सची यादी पाहिली, ओळखखुणा अद्ययावत केल्या आणि ऑफलाइन स्कॅन लावला. १९ मिनिटांनी संगणक पुन्हा सुरू झाला आणि प्रोटेक्शन हिस्टरीत पहिलेच नाव जेनक्सकसचे होते.